सहावा पाम

"मनूचं झाड बगा मावशी, निस्तं तिच्यावानी. बाकीच्यांनी पानं सोडली, हे आपलं तोंड मिटून हुबं."

असं काकी म्हणाली आणि मी जिन्यावर तोंडाशी नेलेला चहाचा कप तसाच धरून बसले. वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या मुलांसाठी पप्पांनी बंगल्याच्या बाहेरून एक लोखंडी जिना काढला होता. ती मुलं सकाळी कंपनीच्या कॅबने हिंजवडीला गेली की शाळेचे तास सोडून दिवसभर तो जिना माझा. मधल्या पायरीवर बसलं की खालचं सगळं अंगण दिसायचं, आणि अंगणातून पाहणाऱ्याला माझ्या चपला तेवढ्या दिसायच्या. माझ्या चपला दिसत असताना काकीने हे म्हटलं की नसताना, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. तिचा स्वभाव पाहता, दिसत असताना.

सुलामावशी तेव्हा माझ्या झाडाच्या बुंध्याशी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांनी वर पाहिलं, मिटलेल्या पानाच्या टोकाला बोटाने हलकेच शिवल्या आणि म्हणाल्या, "उघडंल की. त्याला काय बस धरायचीय?"

काकी हसली. मीही हसले असते, पण हसायचा आवाज झाला असता.

ही झाडं आमच्या दारात कशी आली ते सांगायला हवं. रस्त्याकडचं भाताचं खाचर पप्पांनी बिल्डरला दिलं आणि राहिलेल्या जागेत बंगला बांधला. बिल्डरने शेजारी बंगल्यांची सोसायटी उभी केली. लोकांना दाखवायला त्याने पहिला बंगला सजवला तेव्हा फाटकाच्या दोन्ही बाजूंना बॉटल पाम लावले होते. बुंध्याशी सुरईसारखे फुगीर, वर चार-पाच पानं, उंचीने माणसाएवढे. पप्पांना ते इतके आवडले की आमच्या खिडक्यांना ग्रिल बसायच्या आधी दारात सहा पाम आले. घरात आम्ही सहा माणसं होतो. पप्पा, मम्मी, पप्पांचे धाकटे भाऊ म्हणजे नाना, काकी, त्यांचा मुलगा अमोलदादा आणि मी. वास्तुशांतीच्या दिवशी भटजींची दक्षिणा झाल्यावर पप्पांनी सगळ्यांना बाहेर बोलावलं आणि प्रत्येकाने आपल्या हाताने एकेका झाडाला माती लोटली. नाना म्हणाले, "घरात एक बाटली आली तर वहिनी दारात हुबं करत न्हाईत, आणि दादानं दारातच सहा बाटल्या हुब्या केल्या." मम्मीने त्यांच्याकडे असं पाहिलं की बाकीची माती त्यांनी मुकाट्याने लोटली.

पुढच्या आठवड्यात पप्पांनी पिरंगुटच्या नंबरप्लेट रंगवणाऱ्याकडून पत्र्याच्या सहा पाट्या करून आणल्या. पाच पाट्या मराठीत होत्या. माझी इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत, कारण मी इंग्लिश मीडियमला. त्या पाट्या त्यांनी झाडांपुढे जमिनीत ठोकल्या. वरची मुलं पहिल्यांदा राहायला आली तेव्हा त्यातला एक जण मम्मीला हळूच विचारत होता, आंटी, ये सब लोग गुजर गए क्या. मम्मीने पुढे सहा महिने ही गोष्ट पप्पांपासून लपवून ठेवली.

सुलामावशी झाडांबरोबरच आल्या असं म्हणायला हरकत नाही. पौड रस्त्यावरच्या ज्या नर्सरीतून पाम आणले तिथे त्या कामाला होत्या. आधी त्या आमच्याकडेच भाताच्या आवणीला, रोपं लावायला यायच्या. चिखलात वाकून वाकून गुडघे गेले, डॉक्टरांनी वाकायचं नाही असं बजावलं, तेव्हा त्या नर्सरीत लागल्या. पामच्या झाडाचं काम उभ्याने करायचं असतं, हे त्या मला एकदा एखादी बाई मुलाला सरकारी नोकरी लागल्याचं सांगते तशा चेहऱ्याने म्हणाल्या होत्या. दर गुरुवारी, माझी शाळा सुटायच्या सुमाराला, त्या आमची झाडं पाहायला यायच्या. पप्पांनी शब्द टाकल्यावर सोसायटीतल्या दहा-बारा बंगल्यांनीही त्यांनाच बोलावलं. आठवडाभर एका फाटकातून दुसऱ्या फाटकात, हातात कात्री, कमरेला एक निळी बाटली आणि डोक्यावर नर्सरीची टोपी. साडीवर ती टोपी पाहून काकीला फार गंमत वाटायची, आणि तशी एक टोपी आपल्यालाही मिळेल का हे तिने दोनदा विचारलं होतं.

मावशींचं आणि पप्पांचं मात्र जमत नव्हतं. पप्पा जन्मभर इंद्रायणी भात पिकवलेले. त्यांच्या डोक्यात झाड म्हणजे पाणी. त्यांनी प्रत्येक पामभोवती खाचरासारखा बांध घातला आणि आत घोटाभर पाणी तुंबवलं. मावशी आल्या की फावड्याने एका बाजूने बांध फोडायच्या. मावशी गेल्या की पप्पा तो पुन्हा लिंपायचे. "भाऊ, ह्ये भात न्हाई," त्या म्हणायच्या. पप्पा म्हणायचे, "सुलाबाई, तुमी मला पाणी शिकवू नका." दिवाळीत पप्पांनी सगळ्या बुंध्यांना गेरू आणि चुन्याचे पट्टे मारून घेतले, सरकारी रस्त्याकडेच्या झाडांना असतात तसे. मावशी त्या गुरुवारी फाटकातच थांबल्या आणि म्हणाल्या की आपण चुकून पंचायत समितीत आलो असं वाटलं.

त्यांच्याकडून मी जे ऐकलं ते सगळं जिन्यावर बसून ऐकलं, त्यांनी मला मुद्दाम काही शिकवलं नाही. पान पुरतं वाळल्याशिवाय कापायचं नाही, कारण झाड जुन्या पानातलं सगळं आधी आत ओढून घेतं. बुंध्याला खिळा मारायचा नाही, ती जखम कधी भरत नाही. आणि शेंड्याला हात लावायचा नाही. आंब्याचा शेंडा मोडला तर चार बाजूंनी फुटतो, पामला एकच शेंडा असतो. तिथून मिटलेलं नवं पान भाल्यासारखं सरळ वर येतं. मक्याच्या किंवा उसाच्या सुरळीला म्हणतात तसंच मावशी त्याला पोंगा म्हणायच्या. तो हळूहळू सुटतो, त्याची पाती अलग होतात आणि मग पान खाली झुकतं. हे सगळं त्या काकीला सांगत होत्या. काकी मधेच म्हणाली, "मजी आमच्या मनूसारकं, एकुलतं एक." आणि झालं, बोलणं परत माझ्यावर.

माझं झाड सहावं, म्हणजे कंपाउंडच्या कोपऱ्यातलं. पाण्याची टाकी आणि वरच्या मुलांच्या वाळत घातलेल्या जीन्स यांच्यामध्ये. तिथे ऊन दुपारी तासभर यायचं. बाकीची पाच झाडं नवी पानं सोडत होती, माझा पोंगा महिनोन्महिने मिटलेलाच. मावशींनी दोनदा सांगितलं की या झाडाला उजेड कमी पडतोय, बाकी काही नाही. पण उजेडाच्या गोष्टीत गंमत नव्हती. माझ्यासारखं आहे म्हणण्यात होती.

मी खरंच कमी बोलायचे, हे कबूल करते. आमच्या घरात सगळे गावचं बोलायचे, मोठ्याने, एकाच वेळी. शाळेत इंग्रजी, बसमध्ये हिंदी. यातलं कुठलं कुठे वापरायचं हे ठरवून होईपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. मी वाक्य आधी मनात इंग्रजीत जुळवायचे, मग मराठीत फिरवायचे, मग ते पुस्तकी वाटतंय म्हणून मोडायचे आणि शेवटी पाणी प्यायला उठायचे. आमच्याकडे पाणी पिणारी मुलगी म्हणून मी ओळखली जायचे. आजही ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझ्यापुढे पाण्याची बाटली असते आणि माझा मॅनेजर समजतो की मी तब्येतीला जपते.

पाहुणे आले की पप्पा त्यांना चहाच्या आधी झाडं दाखवायचे. हात मागे बांधून, परेड तपासायला निघाल्यासारखे. हे माझं. हे मंडळींचं. हे नानाचं, जरा वाकडं हाय, नानासारखंच. हे नानाच्या मंडळींचं, सगळ्यात जास्त सळसळतंय. हे अमोलचं, आणि मग अमोलदादाचं कौतुक. तो लवळ्याला हॉस्टेलवर राहून इंजिनिअरिंग करायचा. लवळं आमच्या घरापासून इतकं जवळ की आठवड्याचे मळके कपडे तो स्वतः स्कूटरवर घेऊन यायचा. मग पप्पा कोपऱ्यात थांबायचे, घसा साफ करायचे आणि म्हणायचे, "आणि हे आमच्या मनूचं. जरा लाजतंय." पाहुणे हसायचे. मग ते वळून मला शोधायचे. मी खिडकीतून बाजूला व्हायचे. हे किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. दर वेळी मला तितकंच लागलं, एवढं मात्र सांगता येईल.

त्या पावसाळ्यात जिन्यावरून मी आणखीही काही पाहिलं होतं. मावशींनी बांध फोडल्यावर पप्पा अंधार पडायच्या सुमाराला पाइप घेऊन माझ्या झाडाशी उभे राहायचे, वरून पाऊस पडत असताना. नाना एका सकाळी दोन मुठी युरिया टाकून गेले आणि हात पायजम्याला पुसले. मम्मी आठवड्यातून एकदा ताक ओतायची, कारण तिच्या माहेरी कढीपत्त्याला ताक घालत. तिघांनाही मावशींनी काही घालू नका असं सांगितलं होतं. तिघंही इकडे-तिकडे बघून घालायचे. माझ्या झाडाची सगळ्यांनाच काळजी होती. ती माझ्यासमोर कुणी दाखवत नव्हतं.

मग एका रविवारी रिया येणार असं ठरलं. रिया माझ्या वर्गात होती, हिंजवडीला तिसाव्या का बत्तिसाव्या मजल्यावर राहायची. तिच्या वडिलांना आमच्या भागात प्लॉट बघायचा होता आणि पप्पांनी त्यांना संध्याकाळी सहकुटुंब चहाला बोलावलं. रिया वाईट नव्हती. फक्त तिला जे कळायचं ते सोमवारी बसमधल्या शेवटच्या सीटपर्यंत पोचलेलं असायचं. मला डोळ्यांपुढे ते दिसायला लागलं. पप्पा, हात मागे बांधलेले, कोपऱ्यात थांबलेले. जरा लाजतंय. आणि मग बसमध्ये ते इंग्रजीत.

त्या दुपारी खेकड्यांचा रस्सा होता. आवणी नुकतीच उरकली होती, खाचरांतून खेकडे निघत होते, आणि नानांनी बादलीभर आणले होते. आमच्याकडे खेकडे केले की दुपारी घर मेल्यासारखं झोपतं. रस्सा, इंद्रायणीचा चिकट भात, नांग्या फोडायचा आवाज, बोटं चाटणं, मग पुन्हा भात, मग ताक नको म्हणणं आणि मग जो तो जिथे बसला तिथेच आडवा. नाना हॉलमध्ये, पप्पा झोपाळ्यावर, मम्मी आणि काकी स्वयंपाकघरात फरशीवर, पंख्याखाली. पाऊस थोडा थांबला होता. मी मोरीतलं प्लास्टिकचं स्टूल उचललं आणि कोपऱ्यात नेऊन ठेवलं.

मला झाडाचं वाईट करायचं नव्हतं, हे लिहिताना मला हसू येतं, कारण वाईट करणारे सगळे असंच म्हणतात. मला फक्त ते थोडं उघडायचं होतं. चार पाती सुटली तरी चाललं असतं. आधी मी नखाने प्रयत्न केला. मग केसातली पिन. पोंगा वरून खडबडीत होता, पाती एकमेकांत अशी बसलेली की मधे कागदही शिरणार नाही. पिनेने एक पातं सुटलं, मग दुसरं. सुटलेली पाती आतून फिकट पिवळी, ओलसर, इस्त्री न केलेल्या ओढणीसारखी चुरगळलेली. मला इतका आनंद झाला की मी दोन्ही हातांनी पोंगा धरला आणि जरा पिळून वर ओढला.

पुच् असा एक छोटा आवाज झाला आणि तो माझ्या हातात आला. सगळाच. हातभर लांब, खालचं टोक पांढरं, खोबऱ्यासारखं कोवळं. काकडी कापल्यावर येतो तसा वास आला. शेंड्यात जिथून तो निघाला तिथे बोट जाईल एवढं एक गोल भोक होतं. मी त्या भोकाकडे पाहिलं, बंगल्याकडे पाहिलं. झोपाळ्याची कडी करकरली. पप्पांनी कूस बदलली होती. मग मी एका इंग्लिश मीडियमच्या, विज्ञानात पहिली येणाऱ्या मुलीने जे करायला हवं ते केलं. पोंगा परत त्या भोकात खोचला. उदबत्ती खोचतात तसा, जरा फिरवून, नीट उभा राहील असा.

पाच वाजता रिया आणि तिचे आई-वडील आले. पप्पा हात मागे बांधून निघाले. हे माझं, हे मंडळींचं. कोपऱ्यात पोचल्यावर त्यांनी घसा साफ केला, वर पाहिलं आणि बोलायचंच विसरले. चार पाती वाऱ्यावर हलत होती. त्यांनी मागे वळून मम्मीला हाक मारली, मम्मीने काकीला, काकीने नानांना. पाहुण्यांना बाजूला ठेवून माझं सगळं घर त्या झाडाखाली जमलं आणि वर पाहत उभं राहिलं. पप्पा रियाच्या वडिलांना म्हणाले, "हे आमच्या मनूचं. आजच उघडलं बघा. तुमच्या पायगुणानं." त्यांच्या आवाजात काहीतरी होतं, जे मी त्याआधी माझ्या दहावीच्या निकालालाही ऐकलं नव्हतं. रियाने झाडाकडे पाहिलंही नाही. वायफायचा पासवर्ड काय आहे, एवढंच तिने मला विचारलं.

पुढचे तीन दिवस घरात माझे लाड झाले. काकीने मला विचारून भाजी केली. बुधवारी पात्यांची टोकं तपकिरी झाली. पाऊस पुन्हा लागला होता आणि त्या भोकात पाणी साचत होतं, हे मला माहीत होतं, कारण मी रोज जिन्यावरून बघत होते. गुरुवारी मावशी आल्या. त्यांनी झाडाकडे लांबूनच पाहिलं, मग जवळ जाऊन दोन बोटांनी पोंगा धरला. तो सहज वर आला. त्यांनी खालचं टोक नाकाशी नेलं, चेहरा जरा आंबट केला. मग पिनेने सोडवलेल्या पात्यांवर बोट फिरवलं, एकेका पात्यावर, सावकाश. मग त्यांनी जिन्याकडे पाहिलं. माझ्या चपला तिथे होत्या. नर्सरीतून मोरचूद आणि चुन्याचं निळं पाणी आणून त्यांनी शेंड्यात ओतलं, आणि पाऊस आत जाऊ नये म्हणून वर प्लास्टिकची पिशवी उलटी बांधली. जाताना मम्मीला म्हणाल्या की शेंडा कुजलाय, वाचलं तर वाचलं.

मम्मी तेव्हा शेजारणीशी फोनवर होती. तिने मान डोलावली आणि विसरली.

पप्पा संध्याकाळी घरी आले आणि त्यांनी पहिल्यांदाच सगळं एकत्र पाहिलं. काळं पडलेलं पान, डोक्यावर पिशवी आणि बुंध्यावरून खाली आलेले निळे ओघळ. त्यांनी निळं बोटाला लावून पाहिलं. शेतकऱ्याला औषधाने जळालेलं पीक ओळखता येतं, असं ते जेवताना म्हणाले. भाताला एकदा असंच झालं होतं, औषध जास्त झालं की असाच शेंडा जातो. नाना इतक्या घाईने हो म्हणाले की त्यांना ठसका लागला. मम्मी म्हणाली, औषधच, दुसरं काय असणार. मी तिघांकडे आळीपाळीने पाहत होते. युरिया, ताक आणि पाइप, तिघांच्याही चेहऱ्यावरून एकदमच काहीतरी उतरलं. चौथी मी. मी पाणी प्यायला उठले.

तिथेच थांबलं असतं तर ही आठवण मी लिहिलीच नसती. पण पप्पांचं झाड गेलं नव्हतं, माझं गेलं होतं. स्वतःचं गेलं असतं तर ते गप्प बसले असते. त्यांनी रात्रीच नर्सरीच्या शेठना फोन केला, दुसरं कुणी पाठवा म्हणाले. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फाटकाशी दोघाचौघांना सांगितलं. ज्यांनी मावशींना भाऊंच्या, म्हणजे पप्पांच्या शब्दावर ठेवलं होतं, त्यांनी भाऊंच्या शब्दावरच काढायला सुरुवात केली. शनिवारी स्कूलबसच्या थांब्यावर उभी असताना मी मावशींना एका बंगल्याच्या बंद फाटकापुढे पाहिलं. आतून एक बाई काहीतरी सांगत होती. मावशी मान हलवून वळल्या आणि मला पाहून नेहमीसारखंच म्हणाल्या, "निघालीस व्हय शाळंला?" मी हो म्हणाले. बस आली.

दुपारी काकीने बातमी आणली. सुलामावशी खालच्या आळीत विचारत होत्या म्हणे, पुढच्या हंगामात आवणीला बाई लागेल का. "त्या गुडघ्यांनी?" मम्मी म्हणाली आणि हातातलं वाटण तसंच ठेवून बसली. मला वाटलं, आता ती ताकाचं सांगेल. ती म्हणाली, "मीठ कुठं ठेवलंस?"

माझ्या बाल्कनीत सध्या एक साधा अरेका पाम आहे. त्याला नवी सुरळी आली की मी दार लावून घेते आणि चार-पाच दिवस तिकडे फिरकत नाही. घरचे याला माझा चक्रमपणा समजतात. समजू देते.

काकीने बातमी आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी नर्सरीचे शेठ आले. जाड चष्म्याचे, मवाळ गृहस्थ, गिऱ्हाईक आणि कामाची बाई दोन्ही टिकवायच्या खटपटीत असलेले. सोबत मावशी होत्या, या खेपेला टोपीशिवाय. पोर्चमध्ये चार खुर्च्या होत्या. पप्पा, नाना, शेठ बसले, चौथीवर शेठनी आपली पिशवी ठेवली. मम्मी आणि काकी दारात. मावशी पायरीच्या खाली, एका पायावर भार देऊन उभ्या. मी जिन्यावर. चहा झाला, पावसाचं झालं, प्लॉटच्या भावांचं झालं. मग पप्पांनी सगळी हकिकत सांगितली. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. लेकीच्या नावाचं झाड होतं, एवढंच ते दोनदा म्हणाले.

शेठनी मावशींना विचारलं, औषध कडक झालं का.

"न्हाई. मापानंच घातलं. आदी शेंडा कुजला, मग औषिद घातलं."

मग कुजला कशाने, शेठनी विचारलं. मावशींनी पदर खोचला. "पोंगा हातानं वडलाय कुणीतरी. वडून परत खोचलाय. कुणी वडला ते म्या बगितलं न्हाई. जे बगितलं न्हाई ते म्या सांगायची न्हाई."

पप्पा पहिल्यांदाच खुर्चीत पुढे सरकले. "आमच्या घरातलं कोण वडंल? आपल्याच पोरीचं झाड? सुलाबाई, चूक झाली म्हणा, इषय मिटला. आमच्यावर कशाला ढकलता?"

नाना मोबाइलमध्ये बघत होते, मोबाइल बंद होता. मम्मीचं लक्ष तुळशीकडे. शेठ चष्मा पुसत होते, आणि चष्मा पुसणारा माणूस कुणाच्या बाजूने निकाल देणार ते त्यालाही माहीत नसतं. मावशींनी भार दुसऱ्या पायावर घेतला. त्यांनी एकदाही जिन्याकडे पाहिलं नाही, आणि त्या पाहत नाहीत हे मला तिथे बसून सोसवेना. मी उठले. लोखंडी जिना वाजतो, त्यामुळे सगळ्यांनीच मान वर केली. मनात इंग्रजी वाक्य तयार होतं, चांगलं होतं, ते मी तसंच सोडलं. खाली येईपर्यंत माझ्यापाशी काहीच तयार नव्हतं. पप्पांसमोर उभी राहिले तेव्हा त्यांना वाटलं मी पाणी मागायला आलेय. त्यांनी मम्मीकडे हात केला.

"पप्पा, पोंगा मी ओढला," मी म्हणाले. "रिया यायच्या आधी, तुम्ही झोपला होतात तेव्हा, स्टुलावर चढून. मला तो उघडायचा होता. उपटून आला म्हणून परत खोचला. तुमच्या पाण्याने काही झालं नाही, नानांच्या युरियाने नाही, मम्मीच्या ताकाने नाही, आणि मावशींच्या औषधाने तर नाहीच. झाड मी मारलं. सोसायटीत सगळ्यांना तसं सांगा, नाहीतर मी एकेका बंगल्यात जाऊन सांगते. आणि शेठ, तुमची पिशवी खाली ठेवा. मावशींना बसू द्या."